खिंडीची बंदूक

दुकानदार देसूरकरांनी बंदुकीच्या नळ्या लाकडी दस्त्यापासून सोडवल्या, खालच्या आकड्यात बोट अडकवून त्या हवेत लोंबत्या धरल्या आणि नखानं टिचकी मारली. काशाच्या थाळीसारखा नाद निघाला आणि थोडा वेळ दुकानात तसाच राहिला.

“ऐकलात की,” ते म्हणाले. “दोन नळ्यांमधली पट्टी कुठं सुटलेली असती तर फुटकं मडकं वाजल्यागत वाजलं असतं.”

मामानं नळ्या घेतल्या, दारातल्या उजेडाकडं धरून आतून पाहिल्या आणि काउंटरवर ठेवल्या.

“दुसरी दावा.”

“पावणं, बंदूक बघायला आलाय की मुलगी?”

“मुलगी बघायला एवढा येळ लावला न्हवता,” मामा म्हणाला. “म्हणून तर आता लावतोय.”

देसूरकर हसले. मला हसू आलं नाही. सकाळपासून मी त्या दुकानातल्या बाकावर बसत होतो, उठत होतो, काठी टेकत दारापर्यंत जात होतो आणि परत येत होतो. मांडी फार वेळ दुमडून ठेवली की आतून ओढ बसायची. शिवाय आजऱ्याची शेवटची गाडी चुकली तर रात्र बेळगावच्या स्टँडवर काढावी लागणार होती. मामा मात्र एकेक बंदूक उचलायचा, खांद्याला लावायचा, कुठंतरी भिंतीवर नेम धरायचा आणि खाली ठेवायचा. काय खटकतंय ते सांगत नव्हता.

ही सहासष्ट सालातली, संक्रांतीनंतरची गोष्ट. आमचं गाव आजऱ्याच्या पलीकडं डोंगराच्या पोटात. तेव्हा शिकारीचे परवाने मिळत आणि शिमग्याच्या तोंडावर सगळ्या गावाची मिळून पारध निघे. दोन डोंगर खाली उतरतात तिथं एक चिंचोळी वाट आहे, तिला खिंड म्हणतात. हाकारी डबे बडवत वरून रान ढकलत येतात आणि डुक्कर बहुतेक वेळा खिंडीतूनच बाहेर पडतं. बाकीच्या बंदुका इकडंतिकडं बसतात, खिंडीत एकच माणूस बसतो. त्याच्या हातून डुक्कर नुसतं जखमी झालं किंवा बिथरलं, तर ते उलटं फिरतं आणि हाकाऱ्यांवर येतं. त्यांच्या हातात डबा आणि काठी याशिवाय काही नसतं.

माझ्या आठवणीत खिंडीत मामाशिवाय कुणी बसलं नव्हतं. मामाचं नाव सुबराव. माझा बाप लवकर गेला, तेव्हापासून आई आम्हा दोघा भावांना घेऊन माहेरी आलेली. मामाच्या परड्याला लागून आमचं घर होतं.

गेल्या शिमग्याला डुक्कर उलटं फिरलं. समोर मी होतो.

सुळा मांडीत शिरला आणि गुडघ्यापर्यंत फाडत आला. दवाखान्यातून मी काठी घेऊनच बाहेर पडलो. मामाची बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, मागं एक तांब्याची टोपी बसवायची, घोडा टोपीवर आपटला की बार उडायचा. मामानं गावाला सांगितलं, टोपी फुसकी निघाली, बार उडालाच नाही. मला बार ऐकल्यासारखा वाटला होता. पण तो खालच्या अंगाला बसलेल्या बाळकू रेडेकराचा असणार, असं सगळे म्हणाले. त्या घटकेला माझं लक्ष आवाजाकडं नव्हतं, म्हणून मीही तेच धरून चाललो.

मग देवळात बैठक झाली. खिंडीत यापुढं दोन नळ्यांची काडतुसाची बंदूक पाहिजे, एक बार चुकला तर दुसरा हाताशी, असं ठरलं. बाळकूकडं तशी होती. शिमग्यापर्यंत सुबरावनं आणली तर खिंड त्याची, नाहीतर बाळकूची. हाक्याला दर घरटी एक माणूस द्यावा लागायचा. आमच्या घरातून आता माझ्या जागी धाकटा भाऊ सदू जाणार होता.

मामानं दुभती म्हैस विकली आणि मला बरोबर घेतलं. बंदुकीवरची इंग्रजी अक्षरं मला वाचता येतील, एवढंच कारण त्यानं सांगितलं.

“ही इथल्याच कारखान्यातली, नवी,” देसूरकर पुढची बंदूक काढत म्हणाले. “जरा जड आहे. पण सुटे भाग मिळतात, आणि तुमच्या नातवालाही पुरंल.”

मामानं ती खांद्याला लावली. “लई जड. डुक्कर वाट बघत थांबंल व्हय?”

“मग ती मघाची बेल्जमची घ्या की. जुनी आहे, पण हलकी. नाद ऐकलातच. बिजागरीत खुळखुळ नाही. डावी नळी लांबवर मारते, उजवी जवळ पसरते. डुकराला यापरीस काय पाहिजे वो?”

मी पुन्हा उठलो. कोपऱ्यात, कपाटाच्या बाहेर, एक दोननळी एकटीच टांगलेली होती. तिचं लाकूड काळपट गर्द होतं, बाहेरचे दोन घोडे कोरलेले, नळ्या स्वच्छ. गळ्यात चिठ्ठी होती. चिठ्ठीवरचा भाव त्या बेल्जमच्या निम्मादेखील नव्हता.

“हिच्यात काय खोट आहे?” मी विचारलं.

“बंदुकीत खोट नाही. गिऱ्हाइकात आहे.” देसूरकरांनी ती काढून माझ्या हातात दिली. “एका इंग्रज साहेबानं करवून घेतली होती. डावखुरा होता. दस्ता बघा, कुणीकडं वळलाय.”

नीट पाहिल्यावर दिसलं. दस्ता सरळ नव्हता, शेवटाकडं हलकेच डावीकडं वळलेला होता.

“सगळ्याच चांगल्या बंदुकांचा दस्ता वळलेला असतो, पण उजवीकडं. गाल ठेवला की डोळा आपसूक नळीच्या मागं यावा म्हणून. ही उजव्या खांद्याला लावलात तर नळी भलतीकडंच बघते. साहेब गेला विलायतेला, ही बसलीय माझ्या गळ्यात.”

“वाकवून घेता येत नाही?”

“गरम तेल मुरवून वाकवतात. पण लाकूड जुनं. चिरलं तर माझ्याकडं येऊ नका.”

मी ती मामापुढं धरली. म्हशीचे पैसे त्याच्या कमरेला होते आणि त्यातून काडतुसं घ्यायची होती, परवान्याची नोंद करायची होती, परतीचं भाडं होतं. मामानं बंदुकीकडं पाहिलं. हात लावला नाही.

“वाकडी बंदूक नको,” तो म्हणाला. आणि मग, जरा घाईनं, “ती बेल्जमची बांधा.”

“कागदावर मारून बघितल्याशिवाय मी बंदूक बांधत नाही,” देसूरकर म्हणाले. “माझ्या बापापास्नंची रीत आहे. उद्या पारधीत चुकलात तर शिव्या मला खायच्या.”

“मला काय शिकवायला लागतंय?”

“तुम्हाला नाही वो. बंदुकीला.”

गावाबाहेर देसूरकरांच्या भावाची वीटभट्टी होती. टांग्यात बसून तिथं गेलो. जाताना त्यांनी ती साहेबाची बंदूकही बरोबर घेतली. कशाला, ते विचारायचं मला सुचलं नाही. मातीच्या ढिगाऱ्यावर त्यांनी वर्तमानपत्र पसरून काटक्यांनी टोचलं, मध्ये कोळशानं गोल काढला आणि मागं आले. अंतर खिंडीतल्या इतकंच होतं, पारधी माणसाला डोळे झाकून मारता येईल असं.

मामानं बेल्जमची उजव्या खांद्याला लावली. बार उडाला. कागद हलला नाही. डाव्या बाजूला, कागदापासून चांगली हातभर दूर, माती उडाली.

“पहिलाच बार आहे,” देसूरकर म्हणाले. “दुसऱ्या नळीनं मारा.”

मामानं कपाळ पुसलं. ह्या खेपेला त्यानं बराच वेळ घेतला. मान वाकवली, परत सरळ केली, गाल दस्त्यावर दाबला. बार उडाला तेव्हा माती पुन्हा त्याच बाजूला उडाली.

ज्या माणसानं उडत्या रानकोंबड्या पाडलेल्या मी पाहिल्या होत्या, त्याला समोर टोचलेला कागद लागत नव्हता. देसूरकरांनी बंदूक घेतली, नवी काडतुसं भरली आणि सहज मारली. कोळशाचा गोल चाळणीसारखा झाला.

भट्टीवरचे कामगार विटा रचायचे थांबून बघत होते.

“पावणं,” देसूरकर म्हणाले, “माझ्या नाकाकडं बोट करा बघू. दोन्ही डोळे उघडे ठेवून.”

“कशाला?”

“करा तर खरं.”

मामानं बोट केलं. देसूरकरांनी त्या बोटावरून मामाच्या चेहऱ्याकडं पाहिलं, बोट डाव्या डोळ्यापुढं आलेलं बघून मान हलवली आणि साहेबाची बंदूक उचलून त्याच्या डाव्या हाताशी दिली. “आता इकडच्या खांद्याला लावा.”

मामानं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग त्यानं बंदूक डाव्या खांद्याला लावली. अवघडलेला दिसत होता, पोरसवदा माणसानं पहिल्यांदा हातात घ्यावी तसा. बार उडाला आणि कागदाचा वरचा कोपरा फाटून गेला. दुसरा बार गोलाच्या कडेला बसला.

“ही तुमची,” देसूरकर म्हणाले आणि टांग्याकडं चालू लागले.

स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. बंदूक ठरली नव्हती. दुकान बंद व्हायच्या आत सांगतो, असं म्हणून मामा बाहेर पडला होता. बशीतला चहा निवून गेला तरी त्यानं तोंडाला लावला नाही.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“काय कधीपासनं?”

“मामा, मी लंगडा झालोय. आंधळा न्हाई.”

त्यानं एक डोळा तळव्यानं झाकला.

“उजवा,” तो म्हणाला. “कडंनं दिसतंय सगळं. मधोमध धुरळा. ज्याच्याकडं बघीन तेच दिसत न्हाई. गेल्याच्या गेल्या पावसापास्नं. गडहिंग्लजच्या डाक्टरला दावला. त्यो म्हणाला, चष्म्याचं काम न्हवं हे.”

“मग खिंडीत कसा बसलास?”

“वाटलं, सवयीनं लागंल.” त्यानं बशी बाजूला सारली. “डाव्या खांद्यावर घिऊन बघितली. ठासणीची टोपी उजव्या अंगाला. डावीकडनं मारलं की ठिणगी तोंडावर येती. दोनदा भिवई जळाली.”

मग मी विचारायचं होतं ते विचारलं. “तवा टोपी फुसकी निघाली न्हवती.”

“न्हाई.”

“बार उडाला हुता.”

“उडाला हुता. डुकराच्या पुढनं गेला. त्ये बिचकलं आनि फिरलं.” तो फार हळू बोलत होता, पण आवाज सरळ होता. “तुला उचलून आणला तवा तुझ्या आईनं मला इचारलं, काय झालं रं? तोंडातनं टोपीचं निघून गेलं. एकदा निघालं ते मागं घ्यायला जमलं न्हाई.”

मला राग यायला हवा होता. तो आला, पण नंतर, गाडीत बसल्यावर आला. त्या वेळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती.

“यंदा सदू हाक्यात हाय.”

“ठावं हाय मला, केरबा.”

“आनि तू बेल्जमची घेणार हुतास.”

बेल्जमची घेतली असती तर गावाला काही कळलं नसतं. उजवी बंदूक उजव्या खांद्याला, सुबराव खिंडीत, सगळं पहिल्यासारखं. साहेबाची घेतली तर ती नुसती उचलली तरी कुणालाही कळणार, कारण पारधीच्या दिवशी देवळापुढं सगळ्या बंदुका मांडतात आणि ज्याला त्याला दुसऱ्याची खांद्याला लावून बघायची हौस असते.

“लोक इचारतील,” तो शेवटी म्हणाला.

“इचारू देत.”

“खांदा दुखतोय म्हणून सांगीन. उजवा खांदा.” त्यानं पहिल्यांदा चहा उचलला, गार झालेला एका घोटात संपवला. “तू कुणाला बोलायचं न्हाईस. आक्काला तर न्हाईच.”

मी मान हलवली. हो म्हणालो की नाही, ते माझं मलाच नक्की नव्हतं.

साहेबाची बंदूक आम्ही पोत्यात गुंडाळून शेवटच्या गाडीनं गावी आणली.

पुढचे काही आठवडे मामा रोज सकाळी ओढ्याच्या पलीकडं जायचा आणि मी त्याच्याबरोबर. काडतुसं मोजकी, म्हणून बहुतेक वेळा रिकाम्या नळ्यांनीच सराव. उचलायची, गाल टेकायचा, डावं बोट चापावर. जेवताना घास डाव्या हातानं घ्यायला लागला तेव्हा मामी म्हणाली, “ह्ये काय नवीन? जेवण तरी सरळ हातानं जेवा.”

“खांदा दुखतोय,” मामा म्हणाला. लबाडीचीही तालीम चालली होती.

टांगलेलं गाडगं तो आता हटकून फोडायचा. पण डुक्कर टांगलेलं नसतं. म्हणून मी चढावरून फुटकी टोपली गडगडत सोडायचो आणि तो खालून मारायचा. पुष्कळदा टोपलीच्या काटक्या उडायच्या. अधूनमधून ती तशीच उड्या मारत ओढ्यात जायची. मला ह्या दुसऱ्या टोपल्याच रात्री आठवायच्या. सदू शेजारी झोपलेला असायचा, हाक्याला जायला मिळणार म्हणून खुशीत. डबा त्यानं आधीच शोधून ठेवला होता आणि त्याला दोरी बांधून गळ्यात अडकवून बघत होता.

“अजून चुकतोय,” मी एकदा मामाला म्हणालो.

“माणूस म्हटल्यावर चुकतोयच. बाळकू चुकत न्हाई व्हय?”

“बाळकूला दोन डोळं हाईत.”

त्यानं बंदूक बिजागरीत उघडून नळ्यांतून फुंकर मारली. “सोड आणखी एक टोपली.”

ती लागली. त्यानं माझ्याकडं वळून पाहिलंसुद्धा नाही, पण ओढा ओलांडताना गुणगुणत होता. मला वाटलं, लागेलही. आणि लगेच वाटलं, नाही लागली तर? आईला सांगावं म्हणून मी दोनदा चुलीपाशी जाऊन बसलो आणि पाणी पिऊन उठलो.

पारधीच्या दिवशी रवळनाथाच्या देवळापुढं घोंगडं अंथरलं होतं. त्यावर बंदुका मांडल्या. सगळ्या ठासणीच्या, दोनच काडतुसाच्या, बाळकूची आणि मामाची. लोक मामाच्या बंदुकीभोवती गोळा झाले. कोरीव घोड्यांवरून बोटं फिरवली. बाळकूनं ती उचलून खांद्याला लावली, मान वाकवली, पुन्हा लावली.

“मामा, ही कुणीकडं बघती?” सगळा गाव त्याला मामाच म्हणायचा.

“डाव्या हाताची हाय,” मामा म्हणाला. “उजवा खांदा दुखतोय. आता डावीकडनं मारतोय.”

“आता ह्या वयात?” कुणीतरी हसलं. “उद्या चालायला उलटं शिकशील.”

“तुझ्या बापाला शिकवलं की मीच, सरळ चालायला.”

हशा झाला. बाळकूही हसला, आणि त्यानं बंदूक जपून घोंगड्यावर ठेवली. “बरं झालं,” तो म्हणाला. “माल चांगला आणलास. खिंडीत तूच बस. मला तिथं बसायची काय हौस न्हाई, गेल्या सालचं बघितलंय.” आणि ते त्याच्या तोंडावर खरं दिसत होतं.

झालं होतं. लबाडी खपली होती. इतकी सहज, की मला घाम फुटला.

मग बायका आल्या. आमच्या गावात खिंडीच्या बंदुकीला हाकाऱ्यांच्या घरातल्या बायका कुंकू लावतात, सवाशीण असो की विधवा. ज्यांची माणसं डबा घेऊन रानात शिरायची, त्या रांगेनं येऊन नळ्यांवर बोट टेकवतात आणि बंदूकवाल्याला म्हणतात, माझा माणूस तुझ्या स्वाधीन. त्यानं फक्त ‘व्हय’ म्हणायचं. आप्पा गुरवानं कालवलेल्या कुंकवाचं ताट धरलं. मामानं बंदूक दोन्ही हातांवर आडवी घेतली.

पहिली माझी आई होती. गेल्या साली जखम तिच्या घरच्या माणसाला झाली, म्हणून मान तिचा. तिनं बोट कुंकवात बुडवलं.

“सदू तुझ्या...” ती म्हणाली आणि बोट पुढं नेलं.

मामानं बंदूक मागं घेतली.

आईचं बोट तसंच हवेत राहिलं. तिला वाटलं, काही चुकलं. तिनं आप्पाकडं पाहिलं.

“थांब, आक्का,” मामा म्हणाला. “मला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई.”

मागं दोघं-तिघं बोलत होते, ते पुढं सरकले.

“खांदा दुखत न्हाई. डोळा गेलाय. गेल्या साली टोपी पेटली हुती, बार उडाला हुता. मीच चुकलो. केरबाचा पाय माझ्या बारानं गेला.” एवढं बोलून तो थांबला, मग आठवल्यासारखं म्हणाला, “डाव्यानं शिकलोय. लागतंय. पण हमखास लागत न्हाई. व्हय म्हणायला तोंड उघडत न्हाई माझं.”

आप्पा गुरवानं ताट खाली घेतलं. “सुबराव, ह्ये गेल्या साली बोलायचं हुतंस.”

“व्हय.”

“वरीसभर गावाला...”

“व्हय,” मामा म्हणाला.

सगळे आईकडं बघत होते. मीही. तिनं माझ्या काठीकडं पाहिलं, मग भावाकडं. तिच्या बोटावरचं कुंकू सुकून कडेनं झडायला लागलं होतं. तिनं ते परत ताटात बुडवलं, वळली आणि घोंगड्यावरच्या बाळकूच्या बंदुकीला लावलं.

“माझा सदू तुझ्या स्वाधीन,” ती म्हणाली.

कुणीतरी ढोसल्यावर बाळकू ‘व्हय’ म्हणाला.

मग ती मामापाशी आली. “डबा हाय का घरात?”

“कशाला?”

“हाक्यात जायला. सदूच्या डाव्या अंगाला ऱ्हा. त्याला सोडून हलू नको.”

मामानं बंदूक माझ्या हातात दिली. खिंडीचा माणूस हाक्यात जातो असं कधी झालं नव्हतं, आणि कुणी त्याला वाट करून द्यावी की नाही अशा विचारात लोक उभे राहिले. तो त्यांच्यामधून गेला. सदूनं आपला डबा त्याला देऊ केला तर म्हणाला, “तुझा तुला ठेव. मी बडवीन दगडावर दगड.” आणि कुणाच्या तरी घरातून आणलेली फुटकी परात घेऊन तो रांगेत शिरला.

मी देवळाच्या ओट्यावर बसलो, उठलो, परत बसलो. वरच्या रानातून डब्यांचा आवाज पसरत खाली येत होता आणि त्यात परातीचा आवाज वेगळा कळत होता, घोगरा, न थांबणारा. आई पायरीवर बसली होती. ती एकदाही उठली नाही. खिंडीकडून दोन बार झाले, एकामागोमाग एक. डबे बंद पडले. परात मात्र थोडा वेळ वाजतच राहिली, मग तीही थांबली.

बऱ्याच वेळानं आरोळी आली. डुक्कर पडलं होतं. सदू धावत खाली आला, अंगभर काट्यांचे ओरखडे, आणि आईपुढं उभा राहून धापा टाकत म्हणाला, “मामानं मला फुडं जाऊच दिलं न्हाई. सारखं आपलं कॉलर धरून मागं.”

“बरं केलं,” आई म्हणाली आणि पदरानं त्याच्या मानेवरचं रक्त पुसलं.

वाटे देवळामागं झाले, नेहमीसारखे, केळीच्या पानांवर. डुकराची मुंडी खिंडीत बसणाऱ्याच्या घरी जाते. बाकी सगळे वाटे सारखे. बाळकू मुंडी उचलायला तयार नव्हता. मामानंच ती उचलून त्याच्या पाटीत ठेवली, आणि आपलं पान घेऊन माझ्याबरोबर घरी आला.

देवळापुढची बातमी मामीपर्यंत पोचली होती की नव्हती, ते तिच्या तोंडावरून कळलं नाही. ती पाट्यापाशी बसली होती आणि शेजारी वाटलेल्या मसाल्याचा मोठा गोळा होता. तिनं पान उलगडलं.

“मुंडी?”

“बाळकूच्या घरी गेली,” मामा म्हणाला. “हा हाकाऱ्याचा वाटा.”

मामीनं पानाकडं पाहिलं, मग मामाच्या तोंडाकडं, उजव्या डोळ्याकडं जरा जास्तच वेळ. मग गोळ्यातला निम्म्याहून जास्त मसाला तिनं बोटांनी काढून वाटीत भरला आणि वाटी माझ्यापुढं सरकवली.

“केरबा, ह्ये बाळकूच्या बायकोला दिऊन ये. म्हणावं, मुंडी आदी जाळावर नीट भाजून घे, आनि मीठ शेवटाला घाल. त्या बिचारीनं कधी केलीय?”

मी वाटी एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात घेऊन निघालो. मामा दारातल्या दगडावर पाय धूत बसला होता. त्यानं पाय आवरून मला वाट दिली.

“दमानं जा,” तो म्हणाला. “सांडशील.”